जुन्या कॅमॅरोचं नाक आणि पुढच्या स्प्रिंगा

1967ची शेवरले कॅमॅरो विकली गेली एकाच नावाने, पण बॉनेटखाली सहा सिलिंडरच्या साध्या इंजिनापासून 396 घनइंची, म्हणजे साडेसहा लिटरच्या, बिडाच्या व्ही-8 पर्यंत काहीही असायचं. त्यामुळे पुढच्या स्प्रिंगाही कारखान्यातच इंजिन आणि एसी वगैरे बघून वेगवेगळ्या बसत. आजचे हौशी मालक मात्र कॅटलॉगमध्ये 'कॅमॅरो, 1967' एवढंच वाचून जोडी मागवतात. स्प्रिंगचा संबंध मॉडेलशी नसतो, वजनाशी असतो.

समजा, जड इंजिन काढून अॅल्युमिनियमचं बसवलं आणि 50 किलो वाचले. इंजिनाचा बहुतेक भार पुढच्या चाकांवर असतो, तेव्हा दर चाकामागे साधारण 25 किलो कमी झाले. आता या गाडीत स्प्रिंग उभी असते खालच्या आर्मवर, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्यावर, चाक आणि आर्मचं बिजागर यांच्या जवळपास मधोमध. चाक 2 सेंटिमीटर वर गेलं तर ती 1 सेंटिमीटरच दबते, म्हणजे जोर निम्मा. तोही तरफेच्या निम्म्या अंतरावर लागत असल्याने चाकापर्यंत पुन्हा निम्माच पोचतो. निम्म्याचं निम्मं, पाव! इंचाला 300 पौंडांची, म्हणजे इंचभर दबायला 300 पौंड भार लागणारी, स्प्रिंग चाकाशी 75 पौंडांचीच उरते. आपल्या मापात मिलिमीटरला सुमारे 1.34 किलो. 25 ला 1.34 ने भागा. स्प्रिंग तीच ठेवली तर गाडीचं नाक, म्हणजे पुढचा भाग, जवळजवळ 19 मिलिमीटर, पाऊण इंच, वर येतं.

म्हणून खरेदीआधी गाडी पेट्रोल भरून वजनकाट्यावर न्यावी आणि फक्त पुढची चाकं काट्यावर घ्यावीत. बाकीचं गणित त्यानंतर.

'स्प्रिंग बसली, म्हणजे मऊ झाली' असं सर्रास म्हटलं जातं. ते चूक आहे. कडकपणा ठरतो तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास, वेढ्यांची संख्या आणि पोलादाचा गुणधर्म यांवर, आणि यातलं वयाने फारसं काही बदलत नाही. कमी होते ती उंची. नाक खाली आलं म्हणून जास्त कडक स्प्रिंग घालायची गरज नसते, योग्य लांबीची पुरते. कडकपणात जाडीचा वाटा मात्र जबरदस्त: तार 5 टक्के जाड केली की स्प्रिंग 21 टक्क्यांहून जास्त कडक होते, कारण जाडीचा चौथा घात धरावा लागतो.

मग किती कडक घ्यावी? चाकावर 360 किलोचा भार असेल तर वरची 300 पौंडांची स्प्रिंग गाडीला सेकंदाला साधारण एकदा झुलवते. लांबच्या प्रवासाला हे सुखाचं. 550 पौंडांची घेतली तर झोके 1.3 होतात, वळणावर गाडी कमी कलते, पण खड्डा पाठीला कळतो. रस्त्यावर चालवायच्या गाडीसाठी याच्या वर जाऊ नये, असं माझं मत. आणि कडक स्प्रिंगबरोबर शॉक अॅब्सॉर्बर जुनेच ठेवले तर पैसे वाया.

वेढा कापून नाक खाली आणायची युक्ती जुनीच. कामाच्या, म्हणजे प्रत्यक्ष दबणाऱ्या, आठ वेढ्यांतला एक गेला की स्प्रिंग 14 टक्के कडक होते, हे धरून चाललं तर युक्ती वाईट नाही. स्प्रिंग गॅसने तापवून खाली बसवणं मात्र साफ नको. पोलादाचं पाणीच उतरतं.

काम करताना धाक हवा तो दबलेल्या स्प्रिंगचा. वरच्या 360 किलो भार आणि 300 पौंडांच्या स्प्रिंगच्या उदाहरणात तिच्यात सुमारे 470 ज्यूल ऊर्जा कोंडलेली असते, म्हणजे 50 किलोची सिमेंटची गोणी मीटरभर उंचीवरून पडावी तेवढी. स्प्रिंग दाबून धरणाऱ्या कॉम्प्रेसरशिवाय आर्म सोडू नये. आणि आर्मच्या बिजागरातल्या रबरी बुशांचे बोल्ट गाडी जॅकवर असताना आवळू नयेत. तसे आवळले की रबर पिळलेलंच राहतं, नाक उगाच उंच दिसतं, आणि दोष नव्या स्प्रिंगवर येतो. चाकं जमिनीवर टेकवा, भार येऊ द्या, गाडी दोनचारदा दाबून सोडा, मग आवळा. उंची मोजायची ती त्यानंतर, आणि थोडी गाडी चालवून झाल्यावर पुन्हा एकदा.