रणसंगीत (पाश्चात्त्य अभिजात संगीत)

युद्ध, सैन्य आणि सैनिकी जीवन यांवरून सुचलेल्या, पण रणांगणासाठी नव्हे तर मैफल, दरबार किंवा चर्च यांसाठी लिहिलेल्या पाश्चात्त्य अभिजात रचना. पलटणीच्या कूचगीतांशी आणि बिगुलाच्या इशाऱ्यांशी त्यांचे जवळचे नाते असले, तरी त्या ऐकून कोणी पाऊल टाकायचे नसते. श्रोता खुर्चीत बसलेला असतो. अशा रचनांचे ढोबळमानाने दोन प्रवाह दिसतात. एकात लढाईच्या आवाजांची नक्कल असते : तोफा, घोड्यांच्या टापा, जखमींचे कण्हणे. दुसऱ्यात सैन्याची सांगीतिक भाषा, म्हणजे कूच, तुतारी आणि ढोल, उसनी घेऊन वेगळेच काही सांगितलेले असते. पहिल्या प्रवाहाने त्या त्या काळी गर्दी खेचली. टिकला मात्र बहुतांशी दुसरा.

नकलेची परंपरा

फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस याने १५१५ मध्ये मारिन्यानो येथे स्विस सैन्याचा पराभव केला. त्या विजयावरचे क्लेमाँ झान्कँचे ‘ला गेर’ (युद्ध) हे चार आवाजांचे गाणे १५२८ मध्ये पॅरिसला छापून निघाले. त्यात एकही वाद्य नाही. शिंगे, ढोल, शस्त्रांची खणाखणी हे सगळे गायक निरर्थक अक्षरांच्या झडीतून तोंडानेच उभे करतात. पखवाजाची पढंत ऐकलेल्या कानाला त्याचे फारसे नवल वाटणार नाही. इंग्लंडमध्ये विल्यम बर्डची कीबोर्डसाठीची ‘द बॅटल’ ही मालिका १५९१ च्या एका हस्तलिखितात आढळते.

साल्झबर्गच्या दरबारात असलेल्या हाइनरिख बीबरने १६७३ मध्ये लिहिलेली ‘बातालिया’ ही या प्रकारातली सर्वांत चतुर रचना म्हणावी लागेल. त्याच्या हाताशी तंतुवाद्ये आणि साथीचे कीबोर्ड एवढेच होते. ढोल नाही, तुतारी नाही. मग त्याने वादकालाच सूचना लिहिली, की व्हायोलोने या मोठ्या तंतुवाद्याच्या तारेला कागद लावावा. तार कागदावर थडथडली की साइड ड्रम या छोट्या लष्करी ढोलासारखा खरखरता आवाज निघतो, आणि त्यावर एकटे व्हायोलिन लष्करी बासरीसारखे वाजते. प्रत्यक्ष लढाईच्या भागात गज बाजूला ठेवायचा आणि तार बोटाने जोरात ओढून सोडायची, की झाला तोफेचा बार. त्याआधी छावणीतल्या झिंगलेल्या शिपायांचा एक भाग येतो : आठ वेगवेगळी गाणी, प्रत्येकाचा सूर निराळा, सगळी एकाच वेळी. येथे सर्वत्र बेसूरच लागायचे आहे, अशी टीप बीबरने जोडली. ती नसती, तर नंतरच्या एखाद्या नकलनविसाने हा भाग नक्कीच ‘दुरुस्त’ केला असता. शेवटी विजयोत्सव नाही, जखमी बंदूकधाऱ्यांचा विलाप आहे.

एवढी कल्पकता पुढच्या नकलाकारांना साधली नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस घरोघरच्या पियानोवर ‘लढाई’ वाजवण्याची टूम निघाली. फ्रान्टिशेक कोट्झ्वाराची ‘प्रागची लढाई’ ही त्यांतली सर्वांत खपाऊ. सुटणाऱ्या गोळ्या, माघारीचा इशारा, जखमींचे विव्हळणे हे तिच्या स्वरलिपीत शब्दांतच छापलेले असे. स्वरांवर भरवसा कमी असल्याचे ते लक्षण.

बेटोव्हेनची ‘वेलिंग्टनचा विजय’ (१८१३) ही याच वंशातली, फक्त थाट मोठा. स्पेनमध्ये व्हितोरिया येथे २१ जून १८१३ रोजी इंग्रज सेनापती वेलिंग्टनने फ्रेंचांना हरवले. त्यावर रचना करण्याची कल्पना योहान मेल्ट्सेल या यंत्रकाराची. त्याला ती आपल्या पानहार्मोनिकॉन या स्वयंचलित वाद्ययंत्रासाठी हवी होती. बेटोव्हेनने ती पुढे पूर्ण वाद्यवृंदासाठी लिहिली. दोन्ही सैन्ये रंगमंचाच्या दोन बाजूंनी आपापले ढोल आणि आपापली धून घेऊन येतात, इंग्रज ‘रूल ब्रिटानिया’ आणि फ्रेंच ‘मार्लबरो’. तोफा कोणी कधी उडवायच्या हे स्वरलिपीत ठिपक्यांनी दाखवले आहे, इंग्रजांचे भरीव आणि फ्रेंचांचे पोकळ. पराभवानंतर फ्रेंचांची तीच धून मायनर या उदास छटेच्या स्वरमालेत, अडखळत, लंगडत परतते. रचनेतली खरी बेटोव्हेनची जागा म्हणाल तर ती एवढीच. ८ डिसेंबर १८१३ रोजी व्हिएन्नात हानाऊच्या लढाईतील जखमी सैनिकांच्या मदतीसाठी झालेल्या जलशात ती प्रथम वाजली. संगीतकार सालिएरी तोफा-नगाऱ्यांच्या तुकडीवर होता आणि तरुण संगीतकार मायरबेअर मोठ्या ढोलावर. मायरबेअर दर वेळी मागे पडतो, अशी बेटोव्हेनची तक्रार होती. त्याच जलशात बेटोव्हेनची सातवी सिंफनीही पहिल्यांदा सादर झाली. लोकप्रियतेत ‘वेलिंग्टन’ने तिला मागे टाकले, ते काही वर्षांपुरतेच.

चायकॉव्स्कीच्या ‘१८१२’ या ओव्हर्चरचा (वाद्यवृंदासाठीच्या एकसंध रचनेचा) जन्मही समारंभातला. नेपोलियनच्या रशियावरील स्वारीच्या आठवणीत बांधल्या जाणाऱ्या मॉस्कोच्या ख्राइस्ट द सेव्हियर कॅथीड्रलच्या निमित्ताने ते १८८० मध्ये लिहिले गेले आणि ऑगस्ट १८८२ मध्ये वाजले. फ्रेंचांसाठी ‘मार्सेयेझ’ हे क्रांतिगीत आणि रशियनांसाठी ‘देवा, झारचे रक्षण कर’ अशी विभागणी त्यात आहे. इतिहासाच्या दृष्टीने दोन्ही चुकीचे : नेपोलियनच्या साम्राज्याने ‘मार्सेयेझ’ अडगळीत टाकले होते आणि झारचे गीत १८३३ पूर्वी अस्तित्वातच नव्हते. श्रोत्यांचे त्यामुळे काही अडले नाही. स्वरलिपीत तोफेचे सोळा बार आहेत, वर चर्चच्या घंटा. हे काम फार गोंगाटाचे आहे आणि आपण ते प्रेमाने केलेले नाही, असे चायकॉव्स्कीने आपल्या आश्रयदात्या फॉन मेक बाईंना कळवले होते. सोव्हिएत काळात झारचे गीत काढून तेथे ग्लिंकाच्या ऑपेरातील सुरावट बसवण्यात आली. रचना तेवढ्यावर निभावली, यावरून तिची वीण किती सैल आहे तेही कळते.

तुर्की वाद्ये आणि हायडन

ऑटोमन सैन्याबरोबर मेहतेर नावाचा वाद्यताफा असे. त्यात झुर्ना (आपल्या सनईच्या कुळातले कर्कश वाद्य), नक्कारे, मोठ्या झांजा, बोरू ही तुतारी, घुंगरू लावलेला दांडा आणि दाऊल हा भला मोठा ढोल असे. दाऊलाच्या एका तोंडावर जाड टिपरू आणि दुसऱ्यावर बारीक छडी पडे. १६८३ मध्ये व्हिएन्नाला पडलेला तुर्कांचा वेढा उठला, ऑटोमन सत्तेची भीती ओसरली आणि मग त्याच ताफ्याचे युरोपला आकर्षण वाटू लागले. दरबारांनी आपापले ‘जॅनिसरी’ (सुलतानाच्या खास पायदळाच्या नावाचे) बँड उभे केले. मोठा ढोल, झांजा आणि त्रिकोण ही त्रयी त्यांच्यामार्फत लष्करी बँडमध्ये आणि तेथून ऑपेराच्या वाद्यवृंदात शिरली.

सुरुवातीला तिचे काम गंमत करण्याचे होते. मोझार्टच्या ‘जनानखान्यातून सुटका’ या १७८२ च्या ऑपेरात पाशाची माणसे आली की ही वाद्ये झणझणतात. त्यातले जॅनिसरींचे समूहगीत आखूड, चटपटीत आणि खास व्हिएन्नाकरांसाठी लिहिल्याचे त्याने वडिलांना पत्रात कळवले होते. पुढे पियानो बनवणाऱ्यांनी एक ‘तुर्की’ पेडलच बसवून दिले : पाय दाबला की आतल्या बाजूला एक हातोडी लाकडावर आदळे आणि घंटा किणकिणे.

योझेफ हायडनच्या १०० व्या सिंफनीत, जिला ‘मिलिटरी’ म्हणतात, या गमतीचा सूर बदलला. ती ३१ मार्च १७९४ रोजी लंडनच्या हॅनोव्हर स्क्वेअर रूम्समध्ये सादर झाली. त्या वेळी ब्रिटन आणि क्रांतिकारी फ्रान्स यांच्यात युद्ध सुरू होऊन वर्ष उलटले होते; सभागृहातल्या अनेकांचे आप्त आघाडीवर असणार. पहिल्या भागात लष्कराचा मागमूसही लागत नाही. दुसरा भाग सी मेजरमध्ये, बेताच्या गतीने, जवळजवळ बागेत फिरल्यासारखा सुरू होतो. ही धून हायडनने नेपल्सच्या राजासाठी लिहिलेल्या एका निरुपद्रवी कन्चेर्तोतून (एकल वाद्ये आणि वाद्यवृंद यांच्या रचनेतून) उचललेली आहे. पहिल्या फेरीत ती सुखाने वाजते. मग एकदम सी मायनर, आणि ढोल, झांजा, त्रिकोण एकत्र तुटून पडतात. धून तीच असते, पण आता तिच्या अंगावर गणवेश चढलेला असतो. भाग संपत आला असे वाटत असतानाच सगळा वाद्यवृंद थांबतो आणि एकटा ट्रंपेट ऑस्ट्रियन सैन्यातला इशारा वाजवतो. त्यापाठोपाठ टिंपनी या सुरात लावलेल्या नगाऱ्यांची घुमणारी थाप अगदी हळू उठते, वाढत जाते, आणि ए फ्लॅट मेजरचा एक प्रचंड स्वरमेळ कोसळतो. या स्वरमेळाचा आधीच्या सी मेजरशी सरळ संबंध नाही. जमीन सरकल्याचा परिणाम त्यातूनच येतो. तोफेची नक्कल येथे कोठेही नाही.

आठवड्याभराने रचना पुन्हा वाजली, तेव्हा याच भागासाठी सगळीकडून ‘वन्स मोअर’चा गजर झाला. ‘मॉर्निंग क्रॉनिकल’च्या समीक्षकाला त्यात सैन्याची चाल, हल्ल्याचा इशारा, जखमींचे कण्हणे, एवढेच काय, युद्धाची नरकगर्जना ऐकू आली. अंतिम भागाच्या शेवटी ती तिन्ही वाद्ये परत येतात, पण तेथे आनंदाच्या भरात. तेवढीच एक जागा जुन्या ‘तुर्की’ मौजेकडे झुकते, आणि मला ती थोडी उणीच वाटते.

हायडनने पुढे १७९६ मध्ये ‘युद्धकालीन मास’ (चर्चमधील उपासनेचे समूहसंगीत) लिहिला, नेपोलियनची फौज उत्तर इटलीत सरशी करत असताना. त्यातील शांततेच्या प्रार्थनेखाली टिंपनी दबक्या पावलांनी चालू राहते. शत्रू दूरवरून येत असावा तशी ती वाजावी, ही त्याची अपेक्षा. मे १८०९ मध्ये फ्रेंचांनी व्हिएन्नावर तोफा डागल्या, तेव्हा म्हातारा हायडन शहरातच होता. त्याच महिन्याच्या अखेरीस तो वारला.

तिकडे १८२६ मध्ये सुलतान दुसरा महमूद याने जॅनिसरी दलच मोडून काढले आणि मेहतेरही बंद केला. त्याच्या जागी युरोपीय पद्धतीचा बँड बसवण्यासाठी १८२८ मध्ये एका इटालियन संगीतकाराला नेमले : जुझेप्पे दोनिझेत्ती, ऑपेराकार गाएतानोचा भाऊ. पुढे त्याला पाशाची पदवी मिळाली. तुर्की ढोल युरोपात स्थायिक झाला होता आणि इस्तंबूलला ट्रंपेट आयात करावे लागत होते.

विसावे शतक

गुस्टाव माहलरचे बालपण इग्लाऊ (आताचे यिह्लावा) या लष्करी तळाच्या गावात गेले. तेथल्या बँडचा आवाज त्याच्या सिंफन्यांतून शेवटपर्यंत गेला नाही. ‘रेव्हेल्गे’ या त्याच्या गाण्यात गोळी लागून पडलेला ढोलवाला मेलेल्या साथीदारांना ढोल वाजवून उठवतो, शत्रूला पळवतो आणि सगळी पलटण प्रेयसीच्या घरासमोर नेऊन उभी करतो. सकाळी तेथे हाडांच्या रांगा दिसतात. कूच सुरुवातीपासून अखेरपर्यंत एकदाही थांबत नाही.

डॅनिश संगीतकार कार्ल नील्सनने पाचव्या सिंफनीत (१९२२) साइड ड्रमवाल्याला मोकळे सोडले : वाद्यवृंदाची वाटचाल काहीही करून अडवायची आहे असे समजून मनाला येईल ते वाजवावे. शोस्ताकोविचच्या सातव्या सिंफनीत तोच ड्रम उलट काम करतो. एक हलकीफुलकी, जवळजवळ बाष्कळ धून त्याच्या ठेक्यावर पुन्हापुन्हा येत राहते, दर वेळी वाद्ये वाढतात, आणि हसू कधी विरले ते कळत नाही. वेढ्यात उपासमार झालेल्या लेनिनग्राडमध्ये ९ ऑगस्ट १९४२ रोजी ती वाजवण्यासाठी वादक कमी पडले, म्हणून आघाडीवरून सैनिक वादक बोलवावे लागले. ध्वनिक्षेपकांवरून ती जर्मन फौजेलाही ऐकवण्यात आली.

भारत आणि आजचे सादरीकरण

ब्रिटिश काळात लष्करी पलटणींच्या आणि संस्थानिकांच्या बँडमध्ये गोव्याच्या ख्रिस्ती वादकांचा मोठा भरणा होता. चर्चला जोडलेल्या शाळांत त्यांना लहानपणीच स्वरलिपी वाचता येऊ लागे. पुढे मुंबईचे वाद्यवृंद आणि हिंदी चित्रपटांचे ध्वनिमुद्रण याच लोकांवर चालले. मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहता यांनी व्हिएन्नाच्या नववर्ष मैफलीचे पाच वेळा संचालन केले आहे. त्या मैफलीची सांगता थोरल्या योहान श्ट्राउसच्या ‘राडेट्स्की मार्च’ने होते आणि सभागृह ठेक्यावर टाळ्या वाजवते. १८४८ मध्ये इटालियनांचा पराभव करणाऱ्या सेनापतीच्या गौरवासाठी ही धून लिहिली गेली, हे टाळ्या वाजवणाऱ्यांच्या गावीही नसते. २००५ च्या मैफलीत, हिंदी महासागरातील त्सुनामीच्या मृतांचा मान राखून, ती वगळण्यात आली.

‘१८१२’ साठी उघड्या मैदानावर खऱ्या तोफा आणल्या जातात, बंद सभागृहात मोठ्या ढोलावर किंवा ध्वनिमुद्रित बारांवर भागवतात. मार्च २०२२ मध्ये, रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यानंतर, वेल्समधील कार्डिफ फिलहार्मोनिकने हे ओव्हर्चर आपल्या कार्यक्रमातून काढले. त्यावर बरीच टीका झाली. संपूर्ण चायकॉव्स्कीवर बंदी घातलेली नाही, या घडीला ही रचना उचित वाटत नाही, असा खुलासा वाद्यवृंदाला करावा लागला.