निफाडचा पारा आणि एक तार

डिसेंबर उजाडला की नाशिकच्या पेपरांत एक मथळा ठरलेला: निफाड गारठले. आकडा बहुतेक वेळा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला. तो खराच असतो. पण तोच आकडा आपल्या बागेलाही लागू आहे असं धरलं की गडबड होते. हवामानाचा थर्मामीटर साधारण छातीएवढ्या उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत असतो. निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री जमीन उष्णता सोडून झपाट्याने निवते आणि तिला टेकलेली गार, जड हवा खालीच साचून राहते. मांडवावर एक तापमान, बुंध्याशी दुसरंच.

म्हणून उगावला मामांच्या द्राक्षबागेत मी तीन सेन्सर टांगलेत: जमिनीलगत, घडांच्या उंचीवर आणि मांडवाच्या वर. नोकरी सॉफ्टवेअरची असली तरी सुट्टीच्या दिवशी इंदिरानगरच्या आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर सोल्डरिंगच चालू असतं. सेन्सर डीएस१८बी२०, आम्हा हौशी मंडळींचा ‘डलास’. तीन पायांचा, स्टीलच्या नळीत बसवलेला. त्याच्या तापमान मोजण्यापेक्षा मला त्याच्या बोलण्याचं जास्त वेड आहे. तिघांची माहिती येते ती एकाच तारेवरून. मग कोण बोलतंय हे कळतं कसं?

ही तार ४.७ किलोओहमच्या रेझिस्टरने, म्हणजे विजेला अडवणाऱ्या छोट्या रोधकाने, वरच्या व्होल्टेजला बांधलेली असते. कुणी हात लावला नाही तर तारेवर १. सेन्सरला फक्त तार खाली ओढता येते, म्हणजे ०. वर ढकलणं कुणाच्याच हातात नाही. त्यामुळे तिघांतल्या एकानेही ओढली तरी तारेवर ० दिसतो. सगळी गंमत या एका गोष्टीत आहे.

प्रत्येक सेन्सरवर कारखान्यातच ६४ बिटांचा, म्हणजे ६४ शून्य-एकांचा, क्रमांक कोरलेला असतो. तारेच्या दुसऱ्या टोकाची, सेन्सरना प्रश्न विचारणारी चिप म्हणजे कंट्रोलर. तो विचारतो, पहिला बिट सांगा. सगळे एकदम सांगतात. मग लगेच त्याच बिटाचा उलटा बिट सांगतात. कंट्रोलरला ० आणि १ मिळाले तर सगळ्यांचा बिट ०. १ आणि ० मिळाले तर सगळ्यांचा १. दोन्ही वेळा १ आला तर तारेवर कुणीच नाही. आणि दोन्ही वेळा ०? म्हणजे पहिल्या वेळी ०-वाल्याने ओढली, दुसऱ्या वेळी १-वाल्याने: मतभेद आहे! मग कंट्रोलर एक बाजू निवडून तारेवर लिहितो, समजा ०. ज्यांचा बिट १, ते गप्प बसतात. उरलेल्यांना पुढचा बिट. ६४ बिट संपले की एक पूर्ण क्रमांक हाती येतो. पुढच्या फेरीत, जिथे शेवटचा फाटा फुटला होता तिथे दुसरी वाट धरायची. एक सेन्सर शोधायला पंधरा मिलिसेकंदांच्या आसपास वेळ लागतो. सगळे एकाच वेळी ओरडत असूनही प्रत्येकाचं नाव कळतं, आणि तेही एकमेकांची भाषा न ऐकता. शेवटचे ८ बिट पडताळणीचे असतात, तारेत गोंगाट होऊन क्रमांक बिघडला तर तो त्यातून पकडता येतो.

क्रमांक कळले की एकेकाला नावाने हाक मारून तापमान विचारायचं. बारा बिटांचं मोजमाप व्हायला ७५० मिलिसेकंद लागू शकतात. उत्तर ०.०६२५ अंशाच्या पायरीने येतं. इथे मला ‘स्मार्ट शेती’च्या जाहिरातींचा राग येतो. ॲपवर ६.४३७५ अंश झळकवायचं आणि वर ‘एआय’चा शिक्का मारायचा! याच सेन्सरची अचूकता कंपनीच अधिक-उणे अर्धा अंश सांगते. दशांश चिन्हापुढचे बाकीचे आकडे दागिने आहेत.

आता ८५ची गोष्ट. थंडीच्या रात्री दोन वाजता बुंध्याशी ८५ अंश! ग्रुपवर कुणीतरी ‘आज अमावास्या आहे’ म्हणून मोकळं होतं. अमावास्येचा काही संबंध नाही. वीज मिळाल्यावर पहिलं मोजमाप होईपर्यंत या सेन्सरच्या पोटात ८५ हाच आकडा बसलेला असतो. मणी तडकू नयेत म्हणून मामा पहाटेच्या आधी मोटार चालू करून बागेला पाणी देतात. मोटार सुरू होताना व्होल्टेज क्षणभर दबतं, सेन्सर नव्याने जागा होतो आणि मोजायच्या आत विचारलं तर ८५ सांगतो. तापमानासोबत येणारे पडताळणीचे बिटही त्याला पास करतात, कारण आकडा वाटेत बिघडलेलाच नसतो. इलाज साधा: सेन्सरच्या पायांशी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (क्षणभरापुरती वीज साठवणारा भाग) लावायचा, आणि प्रोग्रॅममध्ये ८५ आला की नव्याने मोजायला सांगून, पाऊण सेकंद थांबून, पुन्हा विचारायचं.