तेरा पौर्णिमांचा संच : मेणबत्त्यांवरच्या नावांविषयी

नमस्कार.

खोकं उघडलंत की तेरा मेणबत्त्या दिसतील आणि प्रत्येकीवर एक इंग्रजी नाव. वुल्फ, स्टॉर्म, चेस्ट, सीड... या नावांमुळेच आम्हाला सर्वांत जास्त फोन येतात. "स्नो मून तुम्ही नोव्हेंबरची म्हणता, मोबाइलवर तर फेब्रुवारीची दाखवतात." "ब्लड मून लाल का नाही?" आणि जरा दबक्या आवाजात, "यात जादूटोण्यातलं काही नाही ना?" तिन्ही प्रश्न रास्त आहेत. फोनवर घाईत सांगण्यापेक्षा नीट लिहून द्यावं, म्हणून हे पत्रक.

हा संच आम्ही पहिल्यांदा केला तो इंग्लंडमधल्या एका छोट्या दुकानासाठी. त्यांची गिऱ्हाइकं विक्का पाळणारी. त्यांना मधमाश्यांच्या मेणाच्या, रंग आणि अत्तर न घातलेल्या मेणबत्त्या हव्या होत्या. पुढे पुण्या-मुंबईहून आणि परदेशातल्या मराठी घरांतूनही मागणी येऊ लागली.

विक्का म्हणजे काय

विक्का हा विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये आकाराला आलेला निसर्गपूजक धर्म आहे. तिथला चेटूकविरोधी जुना कायदा १७३५ सालचा, तो १९५१ मध्ये रद्द झाला. त्यानंतर जेराल्ड गार्डनर या निवृत्त अधिकाऱ्याने (मलायात ते जकात खात्यात होते) हा पंथ उघडपणे लोकांसमोर मांडला. त्यातल्या पूजापाठाला सुंदर भाषा दिली ती डोरीन व्हॅलिएंटे यांनी. या धर्मात एक देवी आणि एक शिंगं असलेला देव मानतात. चंद्र देवीचा. वर्षभरात सूर्याच्या फेऱ्यावर बेतलेले आठ सण येतात आणि दर पौर्णिमेला जो मेळा भरतो त्याला म्हणतात एस्बॅट.

एस्बॅटमध्ये मंडळी गोल रिंगण आखतात, चार दिशांना पृथ्वी, वारा, अग्नी आणि पाणी यांचं आवाहन करतात. काही परंपरांमध्ये पुजारीण देवीला आपल्या अंगी उतरवून घेते, त्या विधीला 'ड्रॉइंग डाउन द मून' असं नाव आहे. शेवटी केक आणि वाइन किंवा फळांचा रस वाटून खातात-पितात. पुष्कळ जण एकटेच, खिडकीत एक मेणबत्ती लावून पौर्णिमा पाळतात. आमच्या मेणबत्त्या बहुतेक अशाच घरांत जातात.

आता जादूटोण्याचं. ही माणसं स्वतःला 'विच' म्हणवतात आणि कुणाला इजा न करता वागावं हा त्यांचा मुख्य दंडक आहे. तरीही हा शब्द आम्ही हलक्या हाताने वापरत नाही. युरोपात या एका शब्दापायी हजारो बायकांचे जीव गेले आणि आपल्या सातपुड्याच्या पट्ट्यातही बाईला डाकीण ठरवून छळल्याच्या घटना घडल्या आहेत. म्हणून स्पष्ट लिहितो : या मेणबत्तीने पैसा येतो, आजार जातो, लग्न जमतं असलं काहीही आम्ही सांगत नाही आणि कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ही मेणबत्ती आहे. तिच्यावरचं नाव ऋतूचं आहे आणि तो ऋतू कुठला, हे कळावं एवढीच आमची धडपड.

दोन याद्या

मोबाइलवर जी नावं दिसतात (पिंक मून, स्ट्रॉबेरी मून, स्टर्जन मून, बीव्हर मून) ती अमेरिकेतली. तिथल्या शेतकरी पंचांगांनी ती घरोघर पोचवली आणि त्यांतली बरीचशी अल्गॉन्क्विन भाषा बोलणाऱ्या मूळ रहिवाशांची म्हणून सांगितली जातात. स्टर्जन हा तिथल्या मोठ्या सरोवरांत सापडणारा मासा, स्ट्रॉबेरी जूनमध्ये पिकते. विक्का पाळणारे कित्येक जण आज हीच नावं वापरतात. आम्ही मात्र ती लेबलवर घेतली नाहीत. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांची नावंही आपण खोक्यावर छापून विकायची, हे मनाला पटेना.

आम्ही घेतली ती विक्कात रुळलेली दुसरी यादी. वर्षाच्या सुरुवातीपासून : वुल्फ, स्टॉर्म, चेस्ट, सीड, हेअर, डायड, मीड, वर्ट, बार्ली, ब्लड, स्नो, ओक. तेरावी ब्लू. या यादीत स्नो मून नोव्हेंबरला येते, अमेरिकी यादीत फेब्रुवारीला. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत.

ही यादी हजारो वर्षांची म्हणून विकणारी दुकानं भरपूर आहेत. आम्ही तसं म्हणणार नाही. खरोखर जुनी आणि लिहून ठेवलेली यादी हवी असेल तर ती बीड या ख्रिस्ती संन्याशाची. इंग्लंडच्या उत्तरेला जॅरोच्या मठात राहणाऱ्या या माणसाने इ.स. ७२५ मध्ये इंग्रज लोकांचे जुने महिने नोंदवले. त्यात मे महिन्याचं नाव आहे 'थ्रिमिल्की', कारण त्या दिवसांत गाईंची धार तीन वेळा काढावी लागे. ऑगस्ट म्हणजे तणाचा महिना. एवढ्या एकेका शब्दात शेतावरची सगळी धांदल दिसते. विक्काची यादी वेगळी आहे, पण तिची नजर तीच.

थंडीतल्या पौर्णिमा

इंग्लंडच्या दक्षिण भागात डिसेंबरमध्ये दिवस आठ तासांचाही नसतो. चार वाजता अंधार. अशा रात्री पौर्णिमेचा चंद्र डोक्यावर बराच उंच चढतो आणि बर्फ असेल तर त्या उजेडात रस्ता दिसतो. हे मनात धरलं की वुल्फ, स्टॉर्म, स्नो ही नावं आपोआप उलगडतात. इंग्लंडमधून लांडगा पाचेकशे वर्षांपूर्वीच नाहीसा झाला, नावात तेवढा राहिला. ओक मून डिसेंबरची. विक्कातल्या कथेत वर्षाचे दोन राजे, ओक आणि हॉली या दोन झाडांचे. सर्वांत मोठ्या रात्रीनंतर ओकराजा पुन्हा जन्मतो आणि दिवस वाढू लागतो.

मार्चची चेस्ट मून म्हणजे नितळ, निष्पाप झालेली जमीन. एप्रिलची सीड मून पेरणीची. मेची हेअर मून मोठ्या रानसशाची, जो तिथे देवीचा प्राणी मानतात. जूनची डायड म्हणजे जोडी, सूर्य तेव्हा पाश्चात्त्य राशीचक्रात मिथुनेत असतो.

मीड आणि वर्ट

जुलैची मीड मून आमच्या जवळची, म्हणून तिच्यावर थोडं जास्त लिहितो. मीड म्हणजे मध पाण्यात आंबवून केलेलं पेय. जुन्या इंग्रजीत कुरणालाही मिळताजुळता शब्द होता आणि जुलै हा गवत कापून वाळवण्याचाही महिना, त्यामुळे काही जण नावाचा तो अर्थही घेतात. उन्हाळ्यातला पौर्णिमेचा चंद्र तिथे क्षितिजालगतच सरकतो, दाट हवेतून दिसतो, म्हणून रंगाने पिवळसर, मधासारखा.

आमचं मेण महाबळेश्वर-जावळीकडच्या सातेरी माश्यांचं. जांभूळ फुलून गेलं की पेट्यांतून मध निघतो आणि मागे उरतं ते पोळ्यावरच्या झाकणांचं मेण : पातळ, ठिसूळ, पापुद्र्यासारखं. ते गरम पाण्यात वितळवायचं, सुती फडक्यातून पिळायचं, थंड होऊ द्यायचं. वर पिवळी वडी धरते आणि तिच्या खालच्या बाजूला काळपट गाळ चिकटलेला असतो. तो सुरीने खरवडायचा आणि पुन्हा वितळवायचं. तीनदा केल्यावर मेण स्वच्छ होतं, पण मधाचा वास जात नाही. खोकं उघडल्यावर जो वास आला तो हाच, वरून काही घातलेलं नाही. इंग्लंडमधला पेटीवालाही उन्हाळ्याच्या अखेरीस जवळपास हेच करतो.

ऑगस्टच्या वर्ट मूनबद्दल एक दुरुस्ती. आमच्या पहिल्या खेपेच्या लेबलवर याचा अर्थ 'चामखीळ' असा छापला गेला होता. ती चूक आमची, उच्चार सारखा म्हणून झालेली. वर्ट म्हणजे जुन्या इंग्रजीत वनस्पती, विशेषतः औषधी. ऑगस्टमध्ये वनौषधी तोडून, जुड्या बांधून माळ्यावर टांगत, हिवाळ्यासाठी. जुनं लेबल असलेला संच तुमच्याकडे असेल तर कळवा, नवीन लेबल पोस्टाने पाठवतो. पैसे लागणार नाहीत.

बार्ली आणि ब्लड

सप्टेंबरची बार्ली मून जवाच्या कापणीची. २२-२३ सप्टेंबरच्या विषुवदिनाला सर्वांत जवळ येणारी पौर्णिमा म्हणजे हार्वेस्ट मून, सुगीची पौर्णिमा, आणि तिला हे नाव का पडलं याचं कारण आकाशात आहे. पौर्णिमेनंतर चंद्र एरवी रोज साधारण ५० मिनिटं उशिरा उगवतो. पण त्या दिवसांत संध्याकाळी चंद्राची वाट पूर्व क्षितिजाला जवळजवळ चिकटून असते. त्यामुळे इंग्लंडच्या अक्षांशावर हा उशीर वीसेक मिनिटांवर येतो. सूर्य मावळतो आणि लगोलग मोठा चंद्र वर येतो, एकदा नव्हे, ओळीने चार-पाच संध्याकाळी. पीक उभं आहे, पावसाचा भरवसा नाही, अशा वेळी शेतकऱ्याला हा फुकटचा कंदील मिळतो. आपण विषुववृत्ताच्या जवळ असल्याने हा फरक इथे फारसा जाणवत नाही. २०२५ मध्ये हार्वेस्ट मून ६ ऑक्टोबरच्या रात्री होती, म्हणजे आपली कोजागरी. नवीन धान्य आणि आटीव दूध एकीकडे, जव दुसरीकडे, आणि वर तोच चंद्र.

ऑक्टोबरची ब्लड मून. रक्त आहे ते गुरांचं. गवत सरत आलं की साठवलेला चारा सगळ्या जनावरांना वसंतापर्यंत पुरणार नाही, हे दिसू लागे. मग काही ठेवायची, बाकीची मारून मांस मीठ लावून टिकवायचं. बीडच्या यादीतही नोव्हेंबरचं नाव यावरूनच आहे. थोड्याच दिवसांत, ३१ ऑक्टोबरला, साविन हा गेलेल्यांची आठवण काढण्याचा सण येतो. विक्का पाळणारे ही पौर्णिमा निरोपाची मानतात. खग्रास ग्रहणात लालसर दिसणाऱ्या चंद्रालाही हल्ली ब्लड मून म्हणतात, त्याचा या नावाशी संबंध नाही. आणि मेणबत्ती लाल नाही, कारण मेणाला रंग द्यायचा नाही हे आमचं ठरलेलं आहे.

तेरावी मेणबत्ती कधी

एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सुमारे साडेएकोणतीस दिवस. बारा पौर्णिमांचे ३५४ दिवस होतात, वर्ष ३६५ चं. दरवर्षी अकरा दिवस उरतात आणि साठत साठत साधारण अडीच-पावणेतीन वर्षांनी एक पौर्णिमा जास्त येते. हिशेब ओळखीचा वाटला ना? आपला अधिक महिना याच अकरा दिवसांतून निघतो. ('मास' आणि इंग्रजी 'मून', 'मंथ' हे शब्दही मुळात एकाच घरातले.)

या जादा पौर्णिमेला ब्लू मून म्हणतात. मूळची रीत अशी की एका ऋतूत तीनऐवजी चार पौर्णिमा आल्या तर त्यांतली तिसरी ब्लू. १९४६ मध्ये एका अमेरिकी खगोल मासिकात गफलत झाली आणि 'एकाच इंग्रजी महिन्यातली दुसरी पौर्णिमा' हा सोपा अर्थ रूढ झाला. आमचा संच या सोप्या रीतीने बांधला आहे.

२०२६ मध्ये १ मे आणि ३१ मे या दोन्ही दिवशी पौर्णिमा आहे. १ मे ही आपली बुद्धपौर्णिमा, तेव्हा हेअर लावा. ३१ मे ही अधिक ज्येष्ठातली पौर्णिमा, तेव्हा ब्लू. दरवेळी दोन्ही हिशेब असे जुळत नाहीत, पण २०२० च्या ऑक्टोबरात आणि २०२३ च्या ऑगस्टमध्येही दोन पौर्णिमांपैकी एक अधिक मासातलीच होती. ज्या वर्षी बाराच पौर्णिमा असतील, त्या वर्षी तेरावी मेणबत्ती कागदात गुंडाळून ठेवा. मेण खराब होत नाही.

मेलबर्न-सिडनीला संच भेट पाठवणाऱ्यांसाठी : तिथे ऋतू उलटे, म्हणून तिथले विक्का पाळणारे नावं सहा महिने सरकवतात. बार्ली मार्चमध्ये, सीड ऑक्टोबरात. तसं सांगितलंत तर आम्ही महिन्यांचा वेगळा कागद घालून देतो.

लावताना

वात ५-६ मिलिमीटर ठेवून कापा, लांब राहिली तर काजळी धरते. पहिल्यांदा लावाल तेव्हा दोन तास सलग जळू द्या, वरचं मेण कडेपर्यंत वितळलं पाहिजे. मध्येच विझवलीत तर मधोमध खड्डा पडतो आणि पुढे मेणबत्ती तशीच आत आत जळत जाते. पंख्याखाली किंवा पडद्याजवळ नको, आणि घरात कुणी नसताना तर मुळीच नको.

काही महिन्यांनी वर पांढुरकी भुकटी आल्यासारखी दिसेल. ती बुरशी नाही. मधमाश्यांच्या मेणावर असा थर येतोच. मऊ सुती कापडाने जरा जोराने पुसा, हाताच्या उबेने तो विरघळतो आणि खालचा पिवळा रंग पुन्हा वर येतो.