दवाखाने एकाच रस्त्यावर का? सोलापूर जिल्ह्यातल्या सेवा व्यवसायांची पार्श्वभूमी

सोलापूर जिल्ह्यात दवाखाने, लॉज, अडत दुकानं काही ठरावीक गावांतच दाटलेली दिसतात. त्याचं कारण लोकसंख्येपेक्षा जुन्या वाटांमध्ये जास्त सापडतं.

1860 च्या सुमारास मुंबईकडून रेल्वे सोलापूरला पोचली. 1877 मध्ये 'जुनी गिरणी' उभी राहिली, पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी. गिरण्यांमागोमाग अडते, हुंडेकरी (मालवाहतुकीचा ठेका घेणारे) आले, खानावळी निघाल्या. पूर्व भागात तेलुगू विणकरांची वस्ती वाढली, कापडाचा व्यापार चाटी गल्लीत बसला. गिरण्यांचे भोंगे थांबले तरी दुकानदार हलले नाहीत. गिऱ्हाइकाला पत्ता पाठ होता.

बार्शीचं प्रकरण वेगळं. पेठ मोठी, पण मुख्य लाइन कुर्डुवाडीवरून निघून गेली. तिथल्या स्टेशनाला तेव्हा 'बार्शी रोड' म्हणत, यातच व्यापाऱ्यांची अडचण कळते. 1897 मध्ये ब्रिटिश रेल्वे इंजिनिअर एव्हरर्ड कॅलथ्रॉप यांची अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. 1906 मध्ये ती पंढरपूरला आणि 1911 मध्ये लातूरला भिडली. शेजारच्या निजामी मुलखातला माल बार्शीत उतरू लागला. आता धाराशिव, लातूर, बीडकडून पेशंट येतात. तालुक्याच्या गावात नर्गिस दत्त यांच्या नावाचं कर्करोग रुग्णालय का, हे नकाशा उघडला की कळतं.

सोलापुरात 1963 मध्ये वैद्यकीय महाविद्यालय निघालं. शिकलेले बरेच डॉक्टर इथंच राहिले, आणि एकमेकांजवळ राहिले. ही निव्वळ स्पर्धा नव्हे. छोट्या हॉस्पिटलला पूर्णवेळ भूलतज्ज्ञ परवडत नाही. तोच माणूस सकाळी इथं, दुपारी पलीकडच्या इमारतीत. रक्तपेढी, लॅब, रात्रभर उघडं मेडिकल, नातेवाइकांसाठी लॉज, सगळं हाकेच्या अंतरावर लागतं. कलबुर्गी, विजयपूरकडचे पेशंटही येतात, म्हणून काउंटरवर कन्नड बोलणारा माणूस असला की बरं पडतं.

पंढरपुरात गर्दी तिथीवर येते. चार वाऱ्यांवर मठ, धर्मशाळा, बुक्का-चुरमुऱ्यांची दुकानं वर्षाचा हिशेब जुळवतात.

लहान गावात उरतं काय? किराणा, पिठाची गिरणी, सलून. बाकीचं आठवडी बाजाराच्या दिवशी येतं, नाहीतर एसटीनं तालुका गाठायचा. आयटी शिकलेली पोरं मात्र थेट पुणं गाठतात. तो धंदा सोलापुरात बसायच्या आधीच हिंजवडीत बसला होता.