भरीत पार्टी

भरीत पार्टी : हिवाळ्यात शेतात किंवा मळ्यात नातलग, शेजारी, मित्रमंडळी जमवून, काड्यांच्या जाळावर वांगी भाजून केलेले खान्देशातील सहभोजन. जळगाव जिल्ह्यात, विशेषतः तापीकाठच्या यावल, रावेर, भुसावळ भागात, तिचा जोर मोठा. चातुर्मासात वांगे न खाणाऱ्या घरांत मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला, की मग पार्ट्यांना ऊत येतो.

भरताचे वांगे वेगळेच असते. हिरवट-पांढरे, हाताच्या पंजात न मावणारे, गर भरपूर आणि बिया कमी. यावल तालुक्यातल्या बामणोदच्या वांग्यांचे नाव यात आवर्जून घेतले जाते. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

खरी गोष्ट जाळाची आहे. कापूस वेचून झाला की कपाशीच्या वाळक्या काड्या शेतातच उरतात, तुरीच्याही चालतात. त्यांचा जाळ भडकन पेटतो आणि लवकर विझतो, म्हणून काड्या सारत राहायला एक माणूस लागतोच. वांगी फुटू नयेत म्हणून आधी टोचून घेतात. वरची साल कोळशासारखी होते, आतला गर स्वतःच्याच वाफेत शिजतो आणि त्यात धूर मुरतो. गॅसवर भाजलेल्या वांग्याला ही चव येत नाही, हे खान्देशी माणसाला पटवून द्यावे लागत नाही.

सोलायला सगळे गोल करून बसतात. देठ धरायचे, बोटे पाण्यात बुडवायची आणि चटके सोसत साल ओढायची. वांगे मात्र पाण्याखाली धरायचे नाही, धुराची चव निघून जाते. पोरांची बोटे काळी होतात, म्हातारी माणसे राहिलेले सालीचे कण वेचतात. मग गर लाकडी भांड्यात मुसळीने ठेचतात. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर आणि सढळ हाताने तेल. हळद किंवा लाल तिखट घातले, तर ते खान्देशी भरीत नव्हे, असे इकडे ठामपणे मानतात आणि ते बरोबरच आहे. सोबत ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी किंवा पुरी, आणि ताटाऐवजी पुष्कळदा केळीचे पान.

दोघा-तिघांसाठी एवढा जाळ कोणी करत नाही. वांगी टोपलीने येतात, त्यामुळे माणसेही तितकीच बोलवावी लागतात. वर्षभर न भेटलेले चुलत-मावस भाऊ एकाच भांड्यावर आळीपाळीने मुसळी चालवतात, आणि सासरी गेलेल्या लेकी आपल्या मळ्यातल्या पार्टीला मुद्दाम माहेरी येतात. ज्यांना येणे जमत नाही, त्या पुण्या-मुंबईच्या नातलगांसाठी भरताचा डबा रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निघतो.