वजनकाट्यावर मोजलेलं अन्न : अमेरिकेतल्या फूड बँका आणि सकस आहार

फूड बँक म्हणजे गोदाम. कंपन्या, शेतकरी आणि सरकार यांच्याकडून आलेला माल तिथे उतरतो आणि वस्तीतल्या चर्च-समाजकेंद्रांमधल्या पॅन्ट्रींना वाटला जातो. कुटुंबाच्या हाती पिशवी पडते ती पॅन्ट्रीत.

1967 साली ॲरिझोनातल्या फिनिक्समध्ये जॉन व्हॅन हेंगल यांनी सेंट मेरीज फूड बँक सुरू केली. दुकानांतून टाकून दिलं जाणारं पण खाण्याजोगं अन्न गोळा करायचं आणि गरजूंना द्यायचं. पहिल्याच वर्षी 2,75,000 पौंड, म्हणजे सुमारे 125 टन अन्न वाटलं गेलं. काम मोठंच होतं, पण मोजणी पौंडांत सुरू झाली आणि पुढे अनेक दशकं तीच टिकली. गोड सोड्याची, म्हणजे बाटलीबंद शीतपेयांची, खोकी काट्यावर भरपूर भरतात, पालकाच्या जुड्या भरत नाहीत. अहवालात दोन्ही 'अन्न'च. त्यात 1976 च्या करसुधारणेने माल दान करणं कंपन्यांना फायद्याचं झालं आणि 1981 च्या अखेरीस सरकारने साठून राहिलेलं चीज वाटायला काढलं. फळीवर काय येणार हे शिल्लक मालावर ठरत गेलं.

वाटपातही तीच गत. फूड बँकांची राष्ट्रीय संघटना देशभरच्या फूड बँकांची रांग लावून आळीपाळीने माल देऊ करी. बटाट्याच्या मुलखातल्या आयडाहोलाही बटाटेच. 2005 मध्ये ही पद्धत बदलून फूड बँकांना 'शेअर', म्हणजे फक्त या लिलावात चालणारं लटकं चलन, देण्यात आले. त्यांवर बोली लावून आपल्याला हवा तो माल घ्यायचा. ताज्या भाज्या तिथे स्वस्त पडल्या, कारण त्या लवकर खराब होतात.

नकार देण्याचं धाडस आधीच झालं होतं. सेंट्रल न्यूयॉर्कच्या फूड बँकेने 2004 मध्ये सोडा आणि गोळ्या-चॉकलेटं घेणं थांबवलं. देणगीदार दुरावतील ही भीती प्रत्येक गोदामात असते, म्हणून या निर्णयाचं मोल आम्हाला फार वाटतं. 2016 मध्ये वॉशिंग्टनच्या कॅपिटल एरिया फूड बँकेनेही सोडा, मिठाई आणि मोठे केक नाकारायचं ठरवलं.

सगळ्यांना एकच पट्टी मिळाली ती फूड बँका आणि पॅन्ट्रींसाठीच्या मार्च 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनी. संपृक्त मेद, सोडियम आणि साखर पाहून पदार्थाला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग द्यायचा. डबाबंद भाजीच्या एका वाढणीत 230 मिलिग्रॅमपर्यंत सोडियम असेल तर हिरवा, 480 पासून लाल, मधला पिवळा. तिन्ही घटकांपैकी सर्वांत वाईट रंग तोच पदार्थाचा रंग, त्यामुळे साखर शून्य असूनही खारट डबा लालच राहतो. मसाले आणि बाळांचा आहार यांना रंग नाही.

गोदामात लावलेला रंग पॅन्ट्रीच्या फळीवर दिसला नाही तर उपयोग थोडाच. हिरवा माल डोळ्यांच्या उंचीवर, दोन ठिकाणी मांडायचा आणि कुटुंबाला स्वतः निवडू द्यायचं. तयार पिशवीतलं न आवडलेलं घरी पडून राहतं. बहुतेक अडतं ते फ्रिजपाशी. आठवड्यातून दोनच दिवस उघडणाऱ्या पॅन्ट्रीत शीतकपाट नसेल तर पालेभाजी पुढच्या वाटपाआधी कोमेजते, मग स्वयंसेवक पुन्हा डबेच मागवतात. अशा वेळी डब्यावर एक चिठ्ठी लावावी : घेवड्याच्या दाण्यांचं पाणी ओतून टाका, दाणे नळाखाली धुवा. त्याने सोडियम सुमारे 40 टक्के उतरतं.