स्वर्गातील संपत्ती

स्वर्गातील संपत्ती : ख्रिस्ती माणसाने आयुष्यात खरे धन कशाला मानावे, या प्रश्नाला नव्या कराराने दिलेल्या उत्तराचे रूढ नाव. मुख्य आधार मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनात (६:१९–२१) आणि लूकच्या शुभवर्तमानात (१२:३३–३४) आहे. मूळ ग्रीक शब्द ‘थेसाउरोस’. साठवलेले धन आणि ते साठवायची पेटी किंवा कोठार, असे त्याचे दोन्ही अर्थ होतात. याच शब्दापासूनचे ‘साठवणे’ हे क्रियापद पौल आणि याकोब यांच्या पत्रांत निराळ्या संदर्भांत येते. त्यामुळे संकल्पनेचा विस्तार या दोन उताऱ्यांपुरता राहत नाही. मार्कमध्ये हे वचन नाही. मात्र श्रीमंत माणसाला येशूने दिलेल्या उत्तरात (१०:२१) ‘स्वर्गातील संपत्ती’ हेच शब्द आहेत.

दोन पाठांची ठेवण वेगळी आहे. मत्तयात दोन समांतर चरण आहेत : पृथ्वीवर साठवू नका, स्वर्गात साठवा. लूकमध्ये नकाराचा चरण नाही. थेट ‘आपली मालमत्ता विका आणि दानधर्म करा’ अशी आज्ञा येते आणि पाठोपाठ जीर्ण न होणाऱ्या थैल्यांचा उल्लेख होतो. मत्तयातील समांतर रचना मौखिक परंपरेला जवळची आणि म्हणून बहुधा जुनी, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. विकून टाकण्याची आज्ञा लूकच्या एकूण कलाशी जुळते, हे खरे. पण त्यावरून दानाचा अर्थ लूकने मागाहून घातला, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. त्या काळच्या यहुदी वाचकाला ‘स्वर्गात साठवणे’ म्हणजे दान, हे वेगळे सांगावे लागत नव्हते.

मत्तयात धनाचे तीन शत्रू येतात. पहिला ‘सेस’, म्हणजे कसर. प्राचीन पूर्वेकडे भरजरी आणि लोकरी वस्त्रे हे नाण्यांइतकेच संपत्तीचे रूप होते आणि ती पिढ्यान्‌पिढ्या पेटीत राहत. कसरीचा पतंग कापड खात नाही. खाते ती त्याची अळी, आणि तिचे भक्ष्य लोकर, पिसे, केस यांतील केराटिन. स्वच्छ सुती किंवा तागाचे कापड ती सहसा सोडून देते. घामाचा किंवा अन्नाचा डाग असला तरच तेही कुरतडते. अंधार आणि हालचाल नसलेली जागा तिला मानवते, म्हणून रोज अंगावर असलेल्या वस्त्राला कसर लागत नाही. घडी घालून ठेवलेल्याला लागते. दृष्टांताची धार इथे आहे, आणि ती भाष्यांतून बऱ्याचदा निसटते.

दुसरा शत्रू ‘ब्रोसिस’. या शब्दावर बराच वाद आहे. त्याचा सरळ अर्थ ‘खाणे’ एवढाच. बायबलच्या लॅटिन भाषांतराने, व्हल्गेटने, त्यासाठी ‘एरुगो’, म्हणजे धातूवरचा गंज, हा शब्द वापरला आणि पुढच्या बहुतेक भाषांतरांनी तोच अर्थ उचलला. मराठीतील ‘कसर व जंग’ ही जोडीही त्याच वाटेने आली. या अर्थाला आधार म्हणून याकोबाच्या पत्रातील (५:२–३) उतारा दाखवला जातो. तिथे कपड्यांना कसर लागते आणि सोन्यारुप्याला गंज चढतो. अडचण अशी, की याकोबाने गंजासाठी ‘इओस’ हा वेगळा शब्द वापरला आहे आणि ‘ब्रोसिस’चा गंज असा अर्थ ग्रीक वाङ्मयात इतरत्र नीट सापडत नाही. उलट जुन्या करारातील मलाखीच्या पुस्तकाच्या जुन्या ग्रीक भाषांतरात (३:११) ‘ब्रोसिस’ हा शब्द पीक फस्त करणाऱ्या किडीसाठी आला आहे. १९४५ मध्ये इजिप्तमधील नाग हम्मादी येथे मिळालेल्या कॉप्टिक ‘थोमाच्या शुभवर्तमाना’तही (वचन ७६) कसरीच्या जोडीला गंज नसून किडा आहे. ‘ब्रोसिस’ म्हणजे वस्त्र किंवा धान्य खाणारी कीड, हा अर्थ त्यामुळे अधिक संभवनीय वाटतो. शुद्ध सोने गंजत नाही, ही साधी गोष्टही त्याच बाजूला झुकते; याकोबाचे वाक्य अर्थात अतिशयोक्तीचे आहे आणि तो ते जाणून लिहितो.

तिसरा शत्रू चोर. ग्रीक क्रियापदाचा अर्थ ‘खणून आरपार जाणे’. पॅलेस्टाइनमधील सामान्य घरांच्या भिंती मातीच्या विटांच्या असत, त्यामुळे दार तोडण्यापेक्षा भिंतीला भोक पाडणे सोपे होते. निर्गम (२२:२) आणि ईयोब (२४:१६) यांत चोरीची हीच रीत दिसते. मराठीतील ‘घरफोडी’ हा शब्द इथे नेमका बसतो. म्हणून पैसा पुरून ठेवण्याची चाल होती. पैशाचे खरे रक्षण जमिनीतच होते, असे मत बाबिलोनी तालमूद या यहुदी धर्मनियमांच्या चर्चाग्रंथात (बावा मेत्सिया ४२अ) शमुएल या तिसऱ्या शतकातील पंडिताच्या नावावर आहे. शेतात सापडलेल्या ठेव्याचा दृष्टांत (मत्तय १३:४४) आणि तलांत पुरून ठेवणारा दास (२५:१८) याच चालीतून आले आहेत. एक तलांत म्हणजे सुमारे ६,००० दिनार आणि एक दिनार ही मजुराची दिवसाची मजुरी, म्हणजे त्या दासाने जवळजवळ २० वर्षांची कमाई मातीत घातली होती.

संकल्पनेचे मूळ येशूपूर्व यहुदी विचारात आहे, याबद्दल आता फारसा मतभेद नाही. नीतिसूत्रांत (१९:१७) गरिबाला देणारा परमेश्वराला उसने देतो. बेन सिराच्या ग्रंथात (इ. स. पू. १८० च्या सुमारास) भावासाठी आणि मित्रासाठी रुपे गमवावे, ते दगडाखाली गंजू देऊ नये, असा उपदेश आहे (२९:१०). तोबितच्या पुस्तकात, जे बहुधा इ. स. पू. तिसऱ्या शतकाच्या अखेरचे किंवा दुसऱ्याच्या आरंभीचे असावे, दान देणारा ‘अडचणीच्या दिवसासाठी’ चांगली ठेव साठवतो (४:९). तोसेफ्ता या यहुदी धर्मनियमांच्या संग्रहात (पेआ ४:१८) उत्तर मेसोपोटेमियातील अदियाबेने राज्याचा राजा मोनोबाझ दुष्काळात खजिना वाटून टाकतो. भाऊबंद जाब विचारतात तेव्हा तो सांगतो, की पूर्वजांनी खाली साठवले, मी वर साठवले. त्यांनी हात पोहोचतो तिथे ठेवले, मी पोहोचत नाही तिथे. ही कथा लिहून निघाली ती मत्तयानंतर, पण ती शुभवर्तमानावरून घेतली असे म्हणण्यास आधार नाही. दोन्हींच्या मागे एकच बोलीपरंपरा असावी.

‘जेथे तुझे धन, तेथे तुझे मनही असेल’ (मत्तय ६:२१) हे वाक्य प्रवचनांतून अनेकदा उलट वाचले जाते : मन शुद्ध असले की धन आपोआप योग्य जागी जाते. मूळ वाक्य तसे नाही. क्रियापद भविष्यकाळी आहे आणि क्रम आधी धन, मग मन असा आहे. माणूस आपली कमाई जिथे गुंतवतो तिकडे त्याचे मन ओढले जाते. वाक्यातील सर्वनामही लक्षात घेण्याजोगे आहे. ‘साठवू नका’ ही आज्ञा अनेकांना उद्देशून आहे. इथे मात्र जुन्या हस्तलिखितांत ‘तुझे’ असा एकवचनी पाठ मिळतो. उत्तरकालीन बायझंटाइन हस्तलिखितांनी तो ‘तुमचे’ करून सरळ केला. लूकमध्ये अनेकवचनच आहे.

लगेच पुढे ‘निर्मळ’ आणि ‘वाईट’ डोळ्यांविषयीचे वचन येते (६:२२–२३). हिब्रू वाक्प्रचारात वाईट डोळ्याचा माणूस म्हणजे कंजूष (अनुवाद १५:९, नीतिसूत्रे २८:२२), त्यामुळे हे वचन विषय सोडून गेलेले नाही. नंतरच्या ओवीत (६:२४) देव आणि ‘मामोन’ या दोन धन्यांची चाकरी एकाच वेळी होत नाही, असे म्हटले आहे. मामोन हा अरामी शब्द नव्या करारात चारच वेळा येतो : एकदा मत्तयात, तीनदा लूकच्या १६ व्या अध्यायात. व्युत्पत्ती अनिश्चित आहे. ‘अ-म-न’ (भरवसा ठेवणे) या धातूपासून म्हणजे ‘ज्यावर भिस्त ठेवावी ते’, हे मत सर्वांत प्रचलित. ‘ट-म-न’ (लपवणे) हा दुसरा पर्याय. लूक १६:११ मध्ये विश्वासू, सोपवणे आणि खरे हे तिन्ही शब्द अरामीत ‘अ-म-न’शीच नाते सांगतात, म्हणून पहिल्या मताला थोडे झुकते माप द्यावे लागते, पण शब्दश्लेष ही व्युत्पत्तीची सिद्धता नव्हे. उत्तर आफ्रिकेतील बिशप ऑगस्टीनने तिथल्या प्यूनिक भाषेत या शब्दाचा अर्थ नफा असल्याची नोंद केली आहे. मामोन नावाचा राक्षस ही कल्पना नंतरची. मूळ शब्द स्वतः निंदाव्यंजक नाही : मिश्ना या यहुदी मौखिक धर्मनियमांच्या संग्रहात (बेराखोत ९:५) ‘सर्व शक्तीने देवावर प्रीती कर’ या आज्ञेचा अर्थ ‘तुझ्या सर्व मामोनाने’ असा दिला आहे.

पत्रवाङ्मयात अर्थ दोन दिशांनी वाढतो. एकीकडे धन म्हणजे ख्रिस्त स्वतः : ज्ञानाचे सर्व निधी त्याच्यात लपलेले आहेत (कलस्सै २:३), त्याच्या ओळखीपुढे बाकी सारे केरकचरा आहे (फिलिप्पै ३:८), आणि हे धन मातीच्या भांड्यांत ठेवलेले आहे (२ करिंथ ४:७). दुसरीकडे साठवण उलटीही होऊ शकते. पश्चात्ताप न करणारा स्वतःसाठी क्रोध ‘साठवतो’ (रोम २:५).

व्यवहाराची रीत पौलाने नेमकी सांगितली आहे. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने मिळकतीच्या मानाने काही बाजूला काढून आपल्याजवळ साठवावे, म्हणजे तो आल्यावर वर्गणी गोळा करावी लागू नये (१ करिंथ १६:२). क्रियापद तेच. ठरावीक टक्का तो सांगत नाही. दशांशाचा दंडक तो या वर्गणीला लावत नाही. दुसऱ्या शतकाच्या मध्यास जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाच्या वर्णनानुसार रविवारच्या उपासनेत ऐच्छिक देणगी अध्यक्षाकडे जमा होई आणि तीतून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान व परके यांची सोय लागे. उत्तर आफ्रिकेतील ख्रिस्ती लेखक टर्टुलियन मासिक देणगीची पेटी सांगतो आणि खर्चात गरिबांच्या दफनाचाही समावेश करतो. २५१ च्या सुमारास रोमची मंडळी १,५०० हून अधिक विधवा व गरजूंना पोसत होती, हे बिशप कॉर्नेलियसच्या पत्रावरून कळते.

बिघाड कुठे होतो, हेही नव्या करारातच नोंदलेले आहे. दान दाखवण्यासाठी केले तर फळ तिथेच मिळून चुकते (मत्तय ६:१–४). ‘कुर्बान’ म्हणून मालमत्ता देवाला वाहिली आणि आईबापांना देणे टाळले, तर ती पळवाट ठरते (मार्क ७:११). जमीन विकून पैसे आणणाऱ्या हनन्या व सप्पीरा या जोडप्याचा दोष पैसे मागे ठेवण्याचा नव्हता. ते पूर्ण दिल्याचे भासवले, हा होता (प्रेषितांची कृत्ये ५:४).

येशूने त्या श्रीमंत माणसाला ‘सर्व विकून गरिबांना दे’ असे सांगितले होते. मग श्रीमंताने सगळेच सोडावे काय, यावर प्राचीन चर्चमध्ये एकमत नव्हते. अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने २०० च्या सुमारास असे मांडले, की सोडायची ती धनाची आसक्ती. सर्वांनीच सर्व टाकले तर भुकेल्याला खायला कोण देईल? इजिप्तमधील संन्यासी अँटनीने मात्र चर्चमध्ये वाचलेले तेच वचन शब्दशः घेतले. बिशप अथनेशियसने लिहिलेल्या चरित्राप्रमाणे अँटनीने ३०० अरुरा, म्हणजे सुमारे ८० हेक्टर, सुपीक जमीन गावकऱ्यांना दिली. बहिणीसाठी आधी थोडे ठेवले होते, ‘उद्याची चिंता करू नका’ हे ऐकल्यावर तेही दिले. कैसरियाचा बिशप बेसिल दुष्काळकाळी अडवून ठेवलेली भाकरी भुकेल्याची आहे असे सांगतो. रोमच्या चर्चचा डीकन (बिशपचा मदतनीस) लॉरेन्स (मृत्यू २५८) याने चर्चचा खजिना मागणाऱ्या अधिकाऱ्यापुढे गरिबांना उभे केले, ही कथा मिलानचा बिशप अँब्रोज याने सुमारे १३० वर्षांनी लिहिली. तिच्या ऐतिहासिकतेबद्दल सावध राहणे बरे. स्वतः अँब्रोजने युद्धकैदी सोडवण्यासाठी चर्चची पात्रे वितळवली होती, आणि त्या कृतीचे समर्थन करतानाच तो ही कथा देतो.

मध्ययुगात ‘चर्चचा खजिना’ या शब्दाला तांत्रिक अर्थ आला : ख्रिस्ताच्या आणि संतांच्या पुण्याचा साठा, ज्यातून पापाच्या ऐहिक दंडात सूट, म्हणजे इंडल्जन्स, देता येते. या मांडणीचे श्रेय सुमारे १२३० मधील ह्यू ऑफ सेंट शेर याला दिले जाते. पोप सहावे क्लेमेंट यांनी १३४३ मध्ये तिला अधिकृत रूप दिले. जर्मन धर्मसुधारक ल्यूथरच्या १५१७ च्या ९५ प्रबंधांपैकी ५६ ते ६६ याच शब्दाभोवती फिरतात. गरीब हा चर्चचा खजिना असे लॉरेन्स म्हणाला, पण तो त्याच्या काळच्या शब्दार्थाने बोलला, असे ५९ वा प्रबंध नोंदवतो. ६२ वा चर्चचा खरा खजिना म्हणजे शुभवर्तमान असे ठरवतो. पोप सहावे पॉल यांनी १९६७ मध्ये हा खजिना म्हणजे शतकानुशतके जमलेला ढीग नसून ख्रिस्त स्वतः आहे, असा खुलासा केला. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स चर्चने पुण्यसाठ्याचा हा सिद्धांत स्वीकारलेला नाही.

प्रॉटेस्टंट परंपरेत सर्वांत व्यवहारी सूत्र मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली याचे : शक्य तितके मिळवा, शक्य तितके वाचवा, शक्य तितके द्या. वाचवणे म्हणजे काटकसर. साठवणे त्याला अभिप्रेत नव्हते. ऑक्सफर्डमधील एका मेथडिस्टाचे, बहुधा स्वतःचेच, उदाहरण तो देतो : उत्पन्न ३० पौंड असताना २८ मध्ये भागवून २ दिले, ६० झाले तेव्हाही खर्च २८ आणि दान ३२, ९० ला ६२, १२० ला ९२. १७८९ मधील प्रवचनात त्याची तक्रार अशी, की पहिला नियम पाळणारे पुष्कळ, दुसरा पाळणारे थोडे, आणि तिसरा पाळणारे ५०,००० मेथडिस्टांत ५०० तरी असतील काय.